अण्णांच्या बत्तीला उत्तर कोण देत होतं?

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही. अकरा वर्षं विमान उडवतोय. आभाळात जे काही दिसतं त्याला नाव असतं — शुक्र, उपग्रह, दुसरं विमान, नाहीतर आपलेच थकलेले डोळे. या ग्रुपवरचे असले किस्से मी बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं पोट धरून हसायचो. आता माझाच लिहितोय, तर हसा खुशाल... फक्त शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, बरीचशी नोकरी बदनापूर स्टेशनात गेली. गाडी न थांबता स्टेशनातून जाते ना, तेव्हा पॉइंट्समन बाजूला उभा राहून एकेक डबा बघतो. कुठं काही लोंबत नाही, कुठं धूर नाही, म्हणजे हिरवा झेंडा. अंधारात हिरवी बत्ती. शेवटच्या डब्यातला गार्डही उलट हिरवा दाखवतो. याला ते ‘ऑलराइट देणं’ म्हणतात. लहानपणापासून अण्णांचं एकच तुणतुणं ऐकत आलो — "बघितल्याबिगर हिरवा दाखवायचा न्हाई. खोटा ऑलराइट देणाऱ्यानं घरी बसावं!"

मी को-पायलट झालो आणि संध्याकाळचं मुंबई-नागपूर माझ्या वाट्याला यायला लागलं. ते बरोब्बर हसनाबादच्या डोक्यावरून जायचं, पावणेसातच्या सुमारास. अण्णा तोवर रिटायर झाले होते. रेल्वेची बत्ती रेल्वेला परत केलेली, म्हणून जालन्याहून तसलीच तीन रंगांची बॅटरी विकत आणली आणि गच्चीवर चढून विमानाला हिरवा दाखवायला लागले! वरून ती मला दिसणं शक्यच नाही. पण गाव जवळ आलं की मी लँडिंग लाइट दोनदा लावून विझवायचो. पहिला छोटा, दुसरा जरा लांब. नियमात बसतं का, असं विचारू नका... कुणाचं त्यात काही बिघडत नव्हतं.

नागपूरला उतरलो की मी फोन करून विचारायचो, "दिसलं?" "दिसलं. दोनदा. बराबर." संपला फोन. महिन्याची ड्यूटीची यादी मी त्यांना पाठवायचो, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना खुणा करायचे. माय म्हणायची, "बापलेकाला बोलायला दुसरं काही सापडंना, लाइटीच दाखवत बसतात एकमेकाला."

मग मर्जर झालं. आमची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत गेली. आमची जुनी विमानं उभी केली, संध्याकाळचं नागपूर बंद झालं. आता आम्ही नवीन विमानावर जायचं, तर ट्रेनिंग सिनियॉरिटीप्रमाणे. सिनियॉरिटी ठरणार कंपनी युनियनशी करणार त्या काँट्रॅक्टमध्ये. आणि काँट्रॅक्ट? ‘अंतिम टप्प्यात’! मोठ्या कंपनीचे पायलट म्हणत, आधी आमची सगळी यादी लावा, तुम्ही शेपटाला या. आम्ही म्हणत होतो, प्रत्येकाची नोकरीला लागल्याची तारीख धरा. बैठकांवर बैठका, सही काही होईना. आठ महिने झाले तरी तो अंतिम टप्पा संपेना. मी मुंबईत घरी बसून होतो, पोरीला शाळेत सोडायचो, भाजी आणायचो.

हे सुरू झालं त्याच आठवड्यात अण्णांना स्टेंट टाकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, टेन्शन द्यायचं नाही. म्हणून मी सांगितलं, "सगळं ठीक, अण्णा." नुसतं सांगून थांबलो नाही, खोटी यादी बनवून पाठवली. मंगळवार, गुरुवार, जे सुचेल ते वार टाकले.

पहिल्या मंगळवारी ‘नागपूरहून’ फोन केला तो स्वयंपाकघरातून. शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून आधी कुकर बंद केला होता. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दिसलं?" आणि मी जीभ चावली. पलीकडून आवाज आला, "दिसलं. दोनदा. बराबर."

मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू झालीय, दिसेल तो तारा लुकलुकतोय. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आठ महिने हेच चाललं. शेवटी बायकोनंच दम दिला, "तू सांगतोस का मी सांगू?" ते थंडीचे दिवस होते. मी गावी गेलो.

अण्णा अंगणात तूर निवडत बसले होते. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "अण्णा, आठ महिने झाले, मी विमानात बसलो न्हाई. काँट्रॅक्ट व्हायचंय अजून. तुम्हाला पाठवल्या त्या याद्या खोट्या होत्या."

ते चक्क हसले. "येडं झालं का? गेल्या गुरुवारी दोनदा दिसलं की!" उठून आतून कॅलेंडर घेऊन आले. मी टाकलेल्या प्रत्येक खोट्या तारखेपुढं त्यांची पेन्सिलची बरोबरची खूण होती. मधल्या दिवसांना एकही नाही.

"मधल्या दिवशी वर जात न्हाई का तुम्ही?"

"रोज जातो. डॉक्टरनं चालायला सांगितलंय ना. बाकीच्या दिवशी काहीच येत न्हाई."

"अण्णा, ते विमानच बंद झालंय. त्या टायमाला इथून काही जात न्हाई."

"मंग मी काय चांदण्या मोजून राह्यलो होतो?" आता मात्र ते चिडले. "आज मंगळवार हाये. चल वर!"

गेलो. वर निरभ्र आभाळ, गच्चीखाली आमचा हरभरा. मोबाईलवर विमानं दाखवणारं ॲप उघडून बसलो होतो — आमच्या भागावर एकही विमान नाही, दूर दक्षिणेला एक हैदराबादकडं चाललेलं. पावणेसात वाजले आणि पश्चिमेकडून एक दिवा यायला लागला. अण्णांनी टाचा जुळवल्या, हात लांब करून हिरवी बत्ती धरली.

दिवा डोक्यावर यायच्या आधी दोनदा चमकला. पहिला छोटा, दुसरा जरा लांब.

ही सवय माझी आहे, घराबाहेर कुणालाही सांगितलेली नव्हती. ॲपवर अजून काहीच दिसत नव्हतं. अण्णांचा हात तसाच वर होता, बत्ती खाली घ्यायचं त्यांना सुचेना. मग माझ्याकडं वळले.

"तू तं इथं हायेस," ते म्हणाले. "मंग हा कोण?"

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला, ॲपवरचं रिकामं आभाळ दाखवलं. ते जिना उतरले, खाटेवर बसले आणि त्या दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाले, "आठ महिने मला खोटा ऑलराइट दिला तू." मी म्हटलं, अण्णा, तुमच्या काळजीपोटीच... "मला काळजी करायची होती!" ते ओरडले. "पोराची काळजी करायला काय डॉक्टरची चिठ्ठी लागती का?" माय चहा घेऊन आली तर तिलाही झिडकारलं. मला रडू आलं, लपवून काय करू.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बुधवारी मी एकटाच वर गेलो, काही आलं नाही. गुरुवार माझ्या खोट्या यादीत होता. आला. दोनदा चमकला. त्यानंतर मी यादी पाठवणं बंद केलं आणि दिवाही बंद झाला.

पुढं उन्हाळ्यात एकदाची काँट्रॅक्टवर सही झाली. यादीत मी वाटलं होतं त्याहून खालीच लागलो, कॅप्टनची खुर्ची लांब गेली. पण ट्रेनिंग झालं, आणि दिवाळीनंतर संध्याकाळचं नागपूर पुन्हा सुरू झालं. मी खरी यादी पाठवली. पहिल्याच दिवशी हसनाबाद आलं, लाइट दोनदा लावले. उतरलो आणि विमानतळावरूनच फोन लावला. "दिसलं?"

अण्णा म्हणाले, "न्हाई."

"असं कसं? मी लावले, अण्णा! कॅप्टन शेजारी होता, त्याच्याशी बोलता का?"

"विमान दिसलं. लाइट न्हाई लागले. मी हिरवा धरून उभा होतो." आणि मग हळूच, "तू खरं सांगतो ना, बाळा?"

त्या प्रश्नाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी थापा मारत होतो तेव्हा वरून कुणीतरी माझ्या वतीनं साक्ष देत होतं. आता खरं बोलतोय तर साक्षीला कुणी नाही. इंजिनिअरकडून लाइट तपासून घेतले, चांगले आहेत. माय एकदा सोबत उभी राहिली, तिलाही दिसले नाहीत. उपग्रह म्हणावा, तर तो माझी खोटी यादी वाचून कसा येईल? तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा. मला काही उमगत नाही, आणि डोकं लावायचंही मी सोडलंय.

काल मात्र अवकाळी ढग होते. वरून गाव दिसलं नाही, खालून विमान दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी सवयीनं लाइट लावले, उतरून फोन केला. "आज काही दिसायचं कारणच न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई दिसलं," अण्णा म्हणाले. "आवाज पण न्हाई आला. पण तुह्या टायमाला हिरवा दाखवला मी."

"बघितल्याबिगर?"

"हां," ते म्हणाले. "बघितल्याबिगर."