अर्धी प्रार्थना

मारियामातेच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनासाठी शेजारच्या मुलीने आज सोनकीची फुलं आणली. त्या रानवट वासासरशी मी लहानपणीच्या तुंगारेश्वरच्या डोंगरमाथ्यावर पोचले.

सगळा माळ पिवळा झाला होता. आईबरोबर फुलं खुडताना अचानक धुकं उतरलं आणि ती दिसेनाशी झाली. जवळच कुठेतरी कडा होता.

"जागची हलू नकोस!" आई ओरडली. "मी रोझरी म्हणते, तू जबाब दे!"

घरी संध्याकाळी जपमाळ घेऊन म्हणायचो तशीच. अर्धी प्रार्थना तिची, अर्धी माझी. मी म्हणत राहिले. माझ्या आवाजाच्या रोखाने येऊन तिने मला घट्ट धरलं.

आता आई माणसं विसरते. संध्याकाळी पहिली अर्धी प्रार्थना मी म्हणते आणि थांबते.

तिचा जबाब येईपर्यंत मी जागची हलत नाही.