राणीसाहेबांची घंटा

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात मी देवळात शिरल्यासारखा शिरलो आणि घंटा वाजवली. ती वाजवायची नाही, हे मला थोड्याच वेळापूर्वी बजावून सांगितलेलं होतं.

निघालो होतो आमच्या जुन्या संस्थानच्या राणीसाहेबांना भेटायला. संस्थान कधीच विलीन झालेलं. आता राणीसाहेब डिंभे धरणाच्या काठी लहानशा घरात राहायच्या. दोन वर्षं मी नुसता 'येतो, येतो' म्हणत होतो. शेवटी एकदाचा जुन्नरला एसटीतून उतरलो आणि त्यांच्या आवडीच्या आल्याच्या वड्या घ्यायला ओळखीच्या सेठच्या दुकानात शिरलो. सेठचं घराणं मूळ मारवाडचं, पण मराठी माझ्यापेक्षा चोख.

"कुणाला नेताय?"

"राणीसाहेबांना."

सेठचा हात तराजूवरच थांबला. "अहो राव, राणीसाहेब गेल्या."

"कुठं, पुण्याला?" मी विचारलं.

सेठनी वड्या बांधून माझ्या हातात ठेवल्या आणि हळूच म्हणाले, "आज डिंभ्याला ख्रिस्ती लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवलीय. निघालात तर गाठाल."

पुढच्या प्रवासाचं वर्णन करायचं तर शिवनेरी उजव्या हाताला राहिला की डाव्या, तेही मला आठवत नाही. घोडेगावात डिंभ्याची बस 'येईल कवातरी' एवढ्याच भरवशावर होती. खानावळीत मासवडी (नावात मासा, पोटात नुसतं तीळ-खोबरं) मागवली, पण घास उतरेना. समोरच्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी ताट सरळ स्वतःकडे ओढलं. "अन्न टाकू नये, भाऊ."

त्या रूथ सिस्टर, डिंभ्याच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. त्याही प्रार्थनेलाच निघालेल्या. बस आली नाहीच. शेवटी वडापच्या जीपमध्ये शेजारी कोंबून बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. धड रस्ता नव्हता तेव्हा अडलेल्या बाळंतिणींना राणीसाहेब स्वतः जीप हाकत दवाखान्यात आणत. नाताळला शेवटच्या बाकावर येऊन बसत. प्रार्थनामंदिराची घंटाही त्यांनीच दिलेली, संस्थानच्या देवडीवरची. बाप्तिस्मा मात्र त्यांनी घेतला नाही. आणि इथल्या मंडळीची रीत अशी, की मयताची घंटा बाप्तिस्मा झालेल्यालाच. वयाच्या वर्षागणिक एक टोला.

"योहानकाका पंच हायेत. ते म्हणत्यात, न्हाई म्हंजे न्हाई."

"एवढे कडक?"

"त्यांचा बाप बाप्तिस्मा ठरला आन् आदल्या आठवड्यात गेला. त्याला घंटा दिली न्हाई. आता राणीसाहेबांना दिली, तर बापाला काय त्वांड दावायचं त्यांनी?" सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुमी मधी बोलू नका. कशाला हात लावू नका."

"मी? छे!"

कौलारू इमारत, मागं धरणाचं पाणी, पुढं पडवी, आणि पडवीत लोंबणारा घंटेचा दोर. मी चपला काढल्या. पायरीला हात लावून कपाळाला लावला. आणि जन्मभराच्या सवयीनं हात वर गेला.

टोला पाण्यावरून पलीकडच्या डोंगराला जाऊन परत आला. आतली सगळी डोकी वळली. समोर टेबलावर राणीसाहेबांचा फोटो होता. त्याही माझ्याकडेच बघत होत्या, हसत. आणि तेव्हा कुठं मला खरं वाटलं, की या बाई आता नाहीत. दोर तसाच मुठीत धरून मी उभा होतो. सोडला तर पुन्हा वाजेल ही भीती.

योहानकाका बाहेर आले. "कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. सवय हो, देवळाची..."

काकांनी मान वर करून घंटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मयताची घंटा चालू झाली की अर्धी सोडायची न्हाई. ही बी रीतच हाय. रूथ, राणीसाहेबांचं वय काय व्हतं?"

सिस्टरनी सांगितलं.

"वढा, पावणं."

मी ओढत राहिलो. ऐंशीच्या पुढचं वय म्हणजे काय, हे माझ्या खांद्यांना त्या दिवशी कळलं. शेवटी हात सोलले तसा काकांनीच दोर घेतला. सिस्टर बोटांवर मोजत होत्या. मोजणी पुरी झाली, त्यांनी हात खाली घेतले. काकांनी दोर सोडला नाही. टोले पडतच राहिले. काकांचा हिशेब चुकला असं वाटून मी तोंड उघडलं, तर सिस्टरनी कोपर खुपसलं.

"गप. आता त्यांचा बाप चाललाय."

मग गीत झालं, प्रार्थना झाली. काका म्हणाले, "ज्यांच्या आया राणीसाहेबांच्या जीपमधनं हितं आल्या, त्यांनी उभं ऱ्हावा." सगळेच उठले, म्हणून मीही उठलो. सिस्टरनी शर्ट धरून मला खाली बसवलं.

परतीच्या जीपमध्ये धरणाचं पाणी दिसेनासं झालं तेव्हा मला रडू आलं. दोन वर्षांत एकदा यायला काय झालं होतं मला? जिवंतपणी दाराची कडी वाजवली नाही, आणि आता घंटा वाजवून आलो.

सिस्टरनी एव्हाना वड्यांचा पुडा फोडला होता.

"सिस्टर, माझ्यामुळे आज फारच घोटाळा झाला."

"तर काय!" वडी चघळत त्या म्हणाल्या. "शहाणा माणूस आला असता तर घंटा वाजलीच नसती. म्हणून तर देवानं तुमाला धाडलं."