जाड मिठाचा डोंगर

पनवेलच्या तंबूतल्या सिनेमात जहाज बुडालं तेव्हा सगळे हळहळले. मी मात्र उठून ओरडलो, "हे टबातलं पाणी हाय!"

"बस खाली, मोठा आला खलाशी!" मागून कुणीतरी म्हणालं.

पण मला ते दिसत होतं. आमचं घर मिठागरावरचं. भरतीचं पाणी बांधावर आपटलं की शिंतोडे केवढे उडतात, हे मी वीस वर्षं पाहिलं होतं. पडद्यावर एकेक थेंब शिडाएवढा होता.

बाबा मिठागर कामगारांच्या सभांची पत्रकं घरी आणत. वाचायला मी त्यांवरच शिकलो, त्यामुळे राग आला की कागद पुढे ओढायचा ही सवय. त्याच आठवड्यात मी मुंबईच्या त्या स्टुडिओला लिहिलं, "तिकीट काढणाऱ्या कष्टकऱ्याला तुम्ही मूर्ख समजता. जहाज लहान केलंत, थेंब कोण लहान करणार?"

चक्क बोलावणं आलं. ट्रिक सीन करणारे साहेब शांत होते. म्हणाले, "थेंब लहान होत नाही. कॅमेऱ्यात फिल्म जोरात पळवली की पडद्यावर लाट संथ पडते, म्हणून मोठी वाटते. आम्ही कमी पडलो, हे खरं. आता तुम्ही हात दाखवा. टेबलावर मावेल असा बर्फाचा डोंगर करा. जमला तर इथे काम, नाही तर मिठागर आहेच."

मिठागरावर परत जायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं, ते मला कळायलाच हवं होतं.

बर्फासाठी मी आमच्या राशीतलं सर्वांत देखणं मीठ निवडलं, हरभऱ्याएवढ्या खड्याचं. आमच्यात जाड खडा म्हणजे इभ्रत. बारीक मिठाला कुणी विचारत नाही. पोतं एसटीवर टाकून नेलं, डोंगर रचला, दिवे लागले. साहेबांनी मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं.

"काय दिसतं?"

"खडीसाखर," मी म्हणालो.

सगळे हसले. साहेब नाही हसले. "थेंब कोण लहान करणार, असं कुणीतरी लिहिलं होतं ना?"

कान तापले. एक दिवस मागून घेतला आणि घरी आलो. आईला म्हणालो, "मीठ दळायचंय."

"येडा झालास काय? जात्यात मीठ घालतात?"

"डोंगर लहान हाय, आये. खडापण लहान पायजे."

ती जात्यापाशी बसली. "बस समोर. उद्या भाकरी खारट झाली तर बोलायचं नाय."

बाबा दारातून ओरडले, "एवढ्या चांगल्या मिठाचं पीठ! आमी उन्हात मरतो ते यासाठी?" मी ते पीठ धोतराच्या फडक्यातून तीनदा चाळलं.

दुसऱ्या दिवशी नवा डोंगर रचला. साहेब बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून होते. शेवटी म्हणाले, "सोमवारपासून या."

काही महिन्यांनी तोच डोंगर पनवेलच्या तंबूत पडद्यावर आला. आईने शेजारणीला ढोसलं, "ते मी दळलंय." लोक थंडी वाजल्यासारखे अंग आखडून बसले होते. मी मात्र उतार बघत होतो. डाव्या अंगाला एक खडा मोठा राहिला होता. कुणाच्या लक्षात आला नाही. सोमवारी मी स्वतःच साहेबांना सांगितलं.