खुर्चीखालची खूण

ती खूण मी माझ्या हातानं खरवडली, हे आधी कबूल करतो.

ऐंशीच्या दशकात कतारमध्ये, दोह्यातल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. अल हिलाल भागातल्या एका बंगल्यातून जुनी फ्रेंच कोरीव खुर्ची दुरुस्तीला आली. एसीच्या कोरड्या हवेनं तिचा एक हात चिरला होता. बंगल्याच्या मालकाला लाकडातलं काही कळत नव्हतं. पॅरिसची आहे, एवढं पाहुण्यांना सांगता आलं की झालं. मीही तसलाच दीडशहाणा. आमच्या कुडाळच्या सुतारकाकांना म्हणालो, “हे पोळपाट नव्हे, काका. जपून!”

काकांनी आठ दिवसांत नवा हात कोरला. जुना कुठला, नवा कुठला, मला ओळखता येईना. मग त्यांनी खुर्ची उलटी केली. बैठकीखाली फ्रेंच कारागिराच्या नावाचा ठसा होता.

“बघा, तेणां पण आपला नाव ठेवल्यान,” म्हणत त्यांनी नव्या हाताखाली आपली छोटी खूण कोरली.

“फ्रेंच खुर्चीवर कुडाळची खूण? मालक हसेल,” म्हणत मी ती खरवडून टाकली.

“मगे तेचा पण खरवडा,” काका म्हणाले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

खुर्ची तोवर परत गेली होती. शेवटी एका शुक्रवारी त्यांना घेऊन मी बंगल्यावर गेलो आणि मालकाला सगळं सांगितलं. “काय करायचं ते करा, यल्ला, चला,” म्हणून तो आत गेला. खुर्चीकडे त्यानं पाहिलंही नाही. असल्या माणसाच्या हसण्याला मी भ्यालो होतो! खुर्ची उलटी करून मी काकांच्या हातात पटाशी दिली.

“काका, मी चुकलो. मला माफ करा. तुमची खूण पुन्हा कोरा.”