टँकरला लागलेला कौल

आमच्या देवळाखालच्या चढणीवर एक टँकर उभा आहे. टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘सौजन्य : मुंबईकर मंडळ’ लिहिलंय, खाली पदाधिकाऱ्यांची नावं, त्यात खजिनदाराचं जरा जास्तच ठळक. मी त्या टँकरचा ड्रायव्हर. अजूनही आहे म्हणायचं, फक्त टँकर चालत नाही.

आमची वाडी आंबेनळीच्या रस्त्यावरून आत वळून वर. पावसाळ्यात पाण्याने जीव नकोसा होतो, आणि मार्च सरला की झऱ्याला करंगळीएवढी धार उरते. झरा खाली दरीत. बायका सकाळी हंडे घेऊन उतरायच्या त्या उन्हं डोक्यावर आली की परतायच्या. म्हणून मुंबईला नोकरीला गेलेल्या वाडीकरांच्या ह्या मंडळाने एक जुना ट्रक घेतला आणि त्यावर टाकी चढवली. पोलादपूरला नदीकाठच्या विहिरीवर भरायचा, घाट चढायचा, वाडीत रिकामा करायचा. पहिला हंडा देवळात गुरवाकडे जायचा, मग घरोघर. झऱ्याचं पाणी आणायचे तेव्हाही हाच रिवाज होता, देवाआधी कोणी पाण्याला तोंड लावत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ट्रकचा ईसीएम गेला. ईसीएम म्हणजे इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर, पुस्तकाएवढा एक डबा. टाकीच्या पाइपची गळती कित्येक दिवस नेमकी त्यावरच होत होती. गाडी ओढून महाडला नेली. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने भंगारातल्या तसल्याच ट्रकचा डबा मिळवला, लॅपटॉप जोडून त्यात आमच्या गाडीची फाईल, म्हणजे डिझेलचा सगळा हिशोब, भरली, डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड बघून तोही भरला. गाडी पहिल्यासारखी चालू झाली. म्हणजे हळू चढायची, पण चढायची. इथेच सगळं संपायला हवं होतं.

पण मे महिना लागला आणि मंडळी मुंबईहून पूजेला आली. खजिनदाराचा पुतण्या मुंबईत लोकांच्या मोटारी ट्यून करून देतो. चांगला तिशी उलटलेला माणूस, गळ्यात जाड साखळी. माझ्या शेजारी केबिनमध्ये बसून तो एक खेप वर आला आणि उतरताना म्हणाला, "काय रे दादा, ही काय बैलगाडी हाय? कंपनी इंजिनाची ताकद बांधून ठेवते. मी सोडवतो. सॉफ्टवेअरचा खेळ हाय फक्त." दुसऱ्या दिवशी त्याने कुठल्याशा मोठ्या ट्रकची फाईल आमच्या डब्यात ओतली.

ताकद वाढली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या गियरचा चढ गाडी चौथ्यात घेऊ लागली. पण मागे धुराचा असा लोट निघायचा की आरशात घाट दिसेना. वाडीत बायकांनी रस्त्याकडेला कुरडया वाळत घातलेल्या, त्यांवर काजळी बसली. रांगेत लावलेले हंडे आतून काळे. माझी बायको हंडा राखेने घासता घासता म्हणाली, "अवो, ह्या पाण्यात भात शिजवायचा का काजळ पाडायचं?" इंजिनाच्या उष्णतेचा काटाही वर सरकू लागला होता. मी महाडला फोन केला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "जुनी फाईल माझ्याकडं हाय. घेऊन ये, तासाभरात परत टाकतो."

तासाभराचं काम. मी ते गावकीपुढे मांडलं आणि घोळ झाला. पुतण्या म्हणाला धूर म्हणजे ताकद. खजिनदार म्हणाला मुंबईकरांनी काय केलं की गाववाल्यांच्या पोटात दुखतंच. कोणी माझ्या बाजूने, बरेचसे टाकीवर नाव असलेल्यांच्या बाजूने. शेवटी एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "भांडताव कशाला? देवाला इचारा."

आणि खरोखर कौल लावला. डिझेल किती जाळायचं ह्याचा कौल. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, दोन ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवल्या, उजवी पडली तर नवी फाईल, डावी पडली तर जुनी. मंडळाने त्याच वर्षी देवाला एक उभा पंखा वाहिला होता, त्यावरही सौजन्य लिहिलेलं. पंखा देवाच्या उजव्या अंगाला होता आणि चालू होता. उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, नाहीतर काय करणार? जोडता जोडता मला त्या जमावाची शिसारी आली.

पूजा झाली, जेवणावळी झाल्या, मंडळी मुंबईला गेली. पुतण्याही गेला. मी टाकी अर्धीच भरून चालवायला लागलो, चढाला गाडी थांबवून गार करायला लागलो. दोनदा गावकीला म्हटलं, महाडला जाऊन येतो. उत्तर एकच, "कौल फिरवता येत नाय."

मग एका सकाळी देवळाखालच्या शेवटच्या चढणीवर इंजिनातून दगड कुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच बसली. मेकॅनिकने उघडून बघितलं तर पिस्टन जळालेला. टाकीत पाणी होतं. बायका खाली आल्या, मेलेल्या गाडीतून हंडे भरभरून चढण चढल्या. तेव्हाही पहिला हंडा देवळातच गेला. खजिनदाराला फोन लावला तर म्हणाला, "टेन्शन घेऊ नको, मंडळाची मीटिंग लावतो. दुसरा टँकर येतोय." त्यानंतर जेव्हा जेव्हा फोन केला, तेव्हा टँकर येतच होता. पुतण्याने तर मलाच सुनावलं, म्हणे गाडी चालवायची अक्कल लागते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बायका पुन्हा दरीत उतरायला लागल्या. बायकोची कंबर आधीच दुखरी, तिच्याबरोबर एक हंडा घेऊन मीही उतरायचो. ड्रायव्हरच्या खांद्यावर हंडा बघून लोक हसायचे, हसोत.

अशाच एका दिवशी आम्ही सगळ्यांत आधी वर आलो तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. टँकर ओलांडला, देऊळ आलं. गुरव पायरीवर आमचीच वाट बघत बसला होता. आत पंखा चालू होता. बायको न थांबता पुढे निघाली. माझ्या आठवणीत आमच्या घरातलं कोणी असं कधी गेलेलं नाही.

गुरव उठून म्हणाला, "सूनबाय, देवाचा हंडा गो?"

तिने मान वळवली नाही, डोक्यावरचं पाणी हिंदकळलं असतं.

"काका," ती म्हणाली, "देवाला सांगा, टँकर येतोय."