टचस्क्रीनवर आईचं बोट

मंडळी, आज बारामतीत भर दुकानात मी माझ्या आईवर ओरडलो. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आई पिंपळीला असते, शेतात भेंडी करते. कीर्तनं बघायला आणि इंदापूरच्या ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलायला तिला स्वस्तातला लॅपटॉप हवा होता. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, त्यामुळे शहाणपण सगळं माझंच. आईला कीबोर्ड जमायचा नाही, असं मीच ठरवलं आणि स्क्रीन उलटी दुमडणारा, बोटाने चालणारा लॅपटॉप दुकानदाराला काढायला लावला.

आईने बोट लावलं. काहीच झालं नाही. परत लावलं, तरी नाही.

"अगं नीट लाव की! एवढं साधं जमत नाही?"

शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. शेवटी मीच तिचं बोट धरून स्क्रीनवर दाबलं, तेव्हा माझ्या हाताला जाणवलं. रोज भेंडी तोडून बोटाचं टोक लाकडासारखं झालंय, स्क्रीनला ते कळतच नाही.

"रेशनच्या मशीनवर बी माझा अंगठा उठत न्हाय रं," ती हळूच म्हणाली.

क्लासमधल्या पोरांना एकच गोष्ट दहादा सांगताना माझा आवाज कधी चढत नाही. आईला मात्र सॉरीसुद्धा म्हणालो नाही. लॅपटॉप न घेताच आम्ही पिंपळीला परत आलो.

मघाशी बघितलं तर आई बोटांना खोबरेल चोळत बसली होती.

"उद्या परत जाऊ. आता उठंल बघ."

तिला अजूनही वाटतंय की चूक तिच्या बोटांची आहे. माफी कुठून सुरू करू, सांगा.