पिवळा खडू देणाऱ्या सुमनबाई

चितेगावच्या कंपनीत जेवणाची सुट्टी चालली होती, तेवढ्यात हमीदचाचांचा फोन आला. "सुमनबाई गेल्या रे," एवढंच म्हणाले. मी डबा तसाच घरी परत नेला.

सुमनबाईंची, हमीदचाचांची आणि माझी ओळख तुरुंगातली. मी कैदी होतो हे सांगायची आता लाज वाटत नाही. ती घालवली बाईंनीच. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. आठवड्यातून एकदा रंगांची पिशवी घेऊन यायच्या. चित्रं काढणं हाही मनावरचा एक उपचार आहे, असं तुरुंगातल्या साहेबांनी सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आमच्या बराकीत बहुतेक मुसलमान, आणि हमीदचाचा सगळ्यांत वडीलधारे. पहिल्याच दिवशी बाई मोठ्या उत्साहानं म्हणाल्या, "आपापल्या आईचा चेहरा काढा." झालं! अर्ध्या वर्गानं खडू खाली ठेवले. हमीदचाचा अदबीनं म्हणाले, "बाई, गुस्सा नक्को करो. हम जानदार की तस्वीर नहीं बनाते." जीव असलेल्या कशाचंही चित्र आमच्यात काढत नाहीत. बाईंचा चेहरा पडला, पण रुसून बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हे माझ्या ध्यानातच नाय आलं बघा," त्या म्हणाल्या. "मग असं करा, घरात आई जिथं बसते ती जागा काढा."

मला तर ते जास्तच अवघड गेलं. अम्मी फुलंब्रीहून मुलाखतीला यायची आणि मी भेटायला नकार द्यायचो. भावकीच्या भांडणात मी एकाचं डोकं फोडलं होतं. आता कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जायचं? मी चूल काढली, तवा काढला, टोपलीतल्या भाकरी काढल्या. चुलीपुढं रिकामा पाट. बाई शेजारी येऊन बसल्या.

"पाटावर कोण बसतं?"

"अम्मी."

"भेटते का?"

"येते ती. मीच जात नाय."

आता उपदेश ऐकावा लागणार, म्हणून मी मान खाली घातली. पण बाई म्हणाल्या, "तिची जागा तर राखलीस की रे." मग पिवळा खडू माझ्या हातात दिला. "चूल पेटव आता. थंड्या चुलीपुढं बसंल व्हय ती?"

जाळ रंगवता रंगवता मी लहान पोरासारखा रडलो. पुढच्या मुलाखतीला गेलो. जाळीपलीकडून अम्मीनं मला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "दुबला हो गया रे." त्यानंतर मी एकही मुलाखत चुकवली नाही. माझी आई मला परत मिळाली ती बाईंमुळं, हे त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, पण त्यांना ते कळलं असणार.

मी सुटल्यापासून दर ईदला ठरायचं, बाईंना अम्मीकडं न्यायचं. कधी बाईंचे गुडघे आडवे आले, कधी कंपनीतली माझी पाळी... राहूनच गेलं. अम्मीनं त्यांना कधी पाहिलंच नाही. त्या गेल्यावर अम्मी हट्ट धरून माझ्याबरोबर त्यांच्या घरी आली. बाईंच्या सूनबाईंनी चहा केला, मायेनं बोलल्या. निघताना अम्मी अडखळत म्हणाली, "बेटी, उनका एक फोटो देती क्या?"

मी बघतच राहिलो. आमच्या घरात कुणाचाच फोटो नाही. अब्बांचासुद्धा नाही. नमाज पढायच्या खोलीत तस्वीर अम्मीला अजिबात चालत नाही.

बाईंचा तो फोटो आता तिच्या कपाटात, ओढण्यांच्या घडीखाली असतो. संध्याकाळच्या नमाजाआधी ती तो काढते, निरखून बघते आणि परत ठेवून देते. इतकं काय बघतेस, असं मी एकदा विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

"जिसके वास्ते दुआ माँगती, उसकी सूरत तो मालूम होना!"